वागळे इस्टेटमधील आठ रविवार : स्टुडिओ छायाचित्रणाच्या प्राथमिक वर्गाचे परीक्षण

मी घरी मोत्यांचे पारंपरिक दागिने घडवते आणि त्यांची विक्री प्रामुख्याने छायाचित्रांवरच चालते. नथ, ठुशी, तन्मणी, चिंचपेटी हे दागिने ग्राहक आधी मोबाइलच्या पडद्यावर पाहतात आणि मगच मागणी नोंदवतात. गेल्या वर्षी एका ताईंनी नथीचे छायाचित्र पाहून विचारले, "मोत्यावर या बारीक रेघा दिसताहेत, मोती तडकलेला आहे का?" छायाचित्र मोठे करून पाहिले तेव्हा कळले की त्या रेघा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांच्या होत्या, मोत्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर त्यांचे प्रतिबिंब उमटले होते. मोती निर्दोष होता, तरीही ती नथ त्या ताईंनी घेतली नाही. कॅमेरा माझ्याकडे चार वर्षांपासून होता. प्रकाश मात्र मला कळत नव्हता, आणि तो शिकण्यासाठी मी ठाण्यातील एका प्राथमिक वर्गात नाव घातले.

वर्ग वागळे इस्टेटमधील एका औद्योगिक गाळ्यात भरत असे. आठ रविवार, दर रविवारी सकाळी साडेनऊ ते दुपारी एक, आणि शुल्क १२,५०० रुपये. संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि एका तुकडीच्या अनुभवावरून कोणाच्या नावावर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही. स्टेशनच्या पश्चिमेकडून बसने किंवा रिक्षाने तेथे पोहोचणे सोपे आहे. रविवारी इस्टेटमधील बहुतेक कारखाने बंद असल्याने रस्तेही मोकळे असतात. गाळ्याची उंची साधारण चौदा फूट होती. ही बाब किरकोळ वाटेल, पण दिवा माणसाच्या डोक्याच्या वर न्यायचा असेल आणि त्याला मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे लावायची पांढऱ्या कापडाची पेटी) लावायचा असेल, तर आपल्या सदनिकांचे नऊ-साडेनऊ फुटांचे छत लगेच आड येते.

पहिल्या रविवारी सरांनी सर्वांना कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवण्याच्या पद्धतीवर, ठेवायला सांगितला : आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर (ते किती सेकंद उघडे राहते) १/१२५, ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) एफ/८. नंतर, स्टुडिओचे फ्लॅश बंद ठेवून, छतावरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात समोरच्या स्टुलावर ठेवलेल्या मडक्याचे छायाचित्र घ्यायला लावले. डोळ्यांना खोली लख्ख दिसत होती, पण सर्वांच्या पडद्यावर जवळजवळ काळोख उमटला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलाला आपला कॅमेरा बिघडला असेच वाटले. सर म्हणाले, "हा काळोख म्हणजे तुमची कोरी पाटी. आता यावर जो उजेड येईल तो तुम्ही आणलेला असेल." स्टुडिओत काम करण्याचे मर्म मला त्या एका वाक्यात सापडले. बाहेर छायाचित्र घेताना आपण आहे त्या प्रकाशाशी जुळवून घेतो, तर येथे आधी सगळा प्रकाश पुसून टाकायचा आणि मग हवा तेवढाच, हवा तेथूनच परत आणायचा.

त्यानंतर एक दिवा सुरू झाला आणि शटरचा प्रयोग झाला. १/१२५ ऐवजी १/६० ठेवले तरी मडके तेवढेच उजळ दिसत होते, हे पाहून वर्गात कुजबूज सुरू झाली. कारण असे की फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास आटोपतो. शटर त्याहून कितीतरी अधिक काळ उघडे असते, त्यामुळे ते आणखी थोडे उघडे राहिल्याने फ्लॅशच्या प्रकाशात भर पडत नाही. भर पडते ती केवळ खोलीतील इतर उजेडाची. फ्लॅशच्या प्रकाशाचे नियंत्रण ॲपर्चरने, आयएसओने, दिव्याच्या शक्तीने आणि त्याच्या अंतराने होते. मग १/५०० वर तेच छायाचित्र घेतले, आणि चौकटीचा मोठा भाग काळ्या पट्ट्याखाली गेला. शटरचे दोन पडदे असतात. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पहिला पडदा पूर्ण उघडण्याच्या आतच दुसरा बंद व्हायला निघतो, आणि फ्लॅश चमकतो त्या क्षणी प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा काही भाग झाकलेला असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/१६० ते १/२५० च्या दरम्यान असते. ही माहिती मी पूर्वी दोनदा तरी वाचली होती आणि दोन्ही वेळा विसरले होते. काळा पट्टा स्वतःच्या कॅमेऱ्यावर पाहिल्यापासून ती पक्की बसली आहे.

या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे पहिले तीन रविवार एकाच दिव्यावर आणि त्याच मडक्यावर काढले गेले. वर्गातील काही जणांना हे कंटाळवाणे झाले. लग्नाच्या ऑर्डरी घेणारे कळव्याचे एक गृहस्थ तर दुसऱ्या रविवारी उघडच म्हणाले, "सर, मॉडेल कधी आणणार?" माझे मत याच्या अगदी उलट आहे, आणि ज्यांना खरोखर पाया घालायचा आहे त्यांनी असाच वर्ग शोधावा असे मी सांगेन. जांभळी नाक्यावरून आणलेले ते साधे लाल मडके दिव्याच्या जागेनुसार दर वेळी वेगळे दिसत होते. दिवा कॅमेऱ्याच्या शेजारी असताना ते कागदावर काढलेल्या वर्तुळासारखे सपाट झाले. दिवा बाजूला सरकला तसा त्याला पोटाचा गोलावा आला. पूर्ण बाजूने, मडक्याला जवळजवळ घासून प्रकाश गेला, तेव्हा कुंभाराच्या बोटांच्या आडव्या रेघा आणि काठाजवळचा एक लहान टवका स्पष्ट उमटला. सर आम्हाला प्रकाशाकडे पाहू देत नसत. ते विचारत, "सावली कोठे सुरू होते? कोठे संपते? तिचा काठ कापलेला आहे की विरघळलेला?" प्रत्येकाने आधी सावलीचे वर्णन शब्दांत करायचे आणि मगच शटर दाबायचे, असा दंडक होता. तिसऱ्या रविवारी परतताना रिक्षात समोर बसलेल्या चालकाच्या मानेवरची सावली मी न ठरवता न्याहाळू लागले, तेव्हा हे शुल्क वाया गेलेले नाही अशी माझी खात्री झाली.

प्रकाश मऊ किंवा कडक कशामुळे होतो, याचाही गैरसमज तेथेच दूर झाला. सॉफ्टबॉक्सचे पांढरे कापड प्रकाश मऊ करते असे मी समजत होते. प्रत्यक्षात, वस्तूच्या जागेवरून पाहिले असता प्रकाशाचा उगम किती मोठा दिसतो, यावर सारे अवलंबून असते. नव्वद सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स मडक्यापासून दोन फुटांवर होता तेव्हा सावलीचा काठ लोण्यासारखा विरघळत होता. तोच सॉफ्टबॉक्स खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला तेव्हा काठ पुन्हा करकरीत झाला. सूर्य प्रचंड असूनही त्याची सावली कडक पडते, कारण तो इतका दूर आहे की आपल्याला रुपयाएवढा दिसतो, आणि पावसाळी ढगांनी भरलेले अख्खे आकाश हाच एक अवाढव्य सॉफ्टबॉक्स असतो. विजेचे दिवे येण्यापूर्वी छायाचित्रकार हेच जाणून काम करत असत. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली त्या काळात स्टुडिओ म्हणजे काचेचे छप्पर आणि उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, ज्यांतून थेट ऊन येत नाही पण आकाशाचा पसरलेला उजेड दिवसभर मिळतो. आमच्या घरी उत्तरेची खिडकी झोपायच्या खोलीत आहे आणि मी इतकी वर्षे दक्षिणेच्या स्वयंपाकघरात फोटो काढत होते.

अंतराच्या नियमाला सरांनी एक पूर्ण सकाळ दिली आणि ती योग्यच होती. लहान उगमाचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो : अंतर दुप्पट केले की प्रकाश एक चतुर्थांश, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). मोठा सॉफ्टबॉक्स अगदी जवळ असताना हा नियम थोडा ढिला पडतो, पण कामापुरता तो खरा धरावा. शाळेत पाठ केलेल्या या नियमाचा उपयोग पार्श्वभूमीचा रंग ठरवण्यासाठी होतो, हे मला तेथे पहिल्यांदा कळले. दिवा मडक्यापासून एक मीटरवर आणि पांढरी भिंत मडक्यामागे आणखी एक मीटरवर असेल, तर भिंतीला मडक्याच्या चौथा हिस्सा प्रकाश मिळतो आणि पांढरी भिंत छायाचित्रात राखाडी येते. मडके आणि दिवा तसेच ठेवून भिंत तीन मीटर मागे असेल, तर तिला सोळावा हिस्सा मिळतो आणि ती कोळशाच्या रंगाकडे झुकते. उलट, दिवाच चार मीटर दूर नेला आणि भिंत एक मीटर मागे ठेवली, तर दोघांमधील फरक जेमतेम दोन तृतीयांश स्टॉपचा राहतो. एकच भिंत, एकच दिवा, आणि केवळ मोजपट्टीच्या आधारे तीन वेगळ्या पार्श्वभूमी. वेगवेगळ्या रंगांचे पडदे विकत घेण्याच्या विचारात असलेल्या माझ्यासारखीचे पैसे त्या सकाळी वाचले.

चौथ्या रविवारपासून माणसे आली. मॉडेल बाहेरून आणले जाईल असे माहितीपत्रकात होते, पण प्रत्यक्षात आम्हीच एकमेकांसमोर बसलो. त्याचे मला वाईट वाटले नाही, कारण चेहऱ्यांची विविधता आपोआप मिळाली. मुख्य दिवा चेहऱ्याच्या साधारण ४५ अंश बाजूला आणि तेवढाच वर ठेवला की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली प्रकाशाचा लहान त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रां याच्या नावाने ही रचना ओळखली जाते. त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद नको आणि नाकापेक्षा लांब नको. दिवा थेट समोर आणि वर असेल तर नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते. चष्मा लावलेल्यांच्या काचांवर सॉफ्टबॉक्स चमकत असेल तर दिवा आणखी वर घ्यावा, किंवा चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलून काचा खाली झुकवाव्यात, ही युक्ती इतकी साधी आहे की घरी सासूबाईंचा फोटो काढताना मी ती लगेच वापरली आणि त्या म्हणाल्या, "अगं, या फोटोत माझे डोळे दिसताहेत."

त्वचेच्या रंगाबाबत सरांनी जे शिकवले त्याबद्दल मला त्यांच्याविषयी खरा आदर वाटतो. कॅमेऱ्यातील मीटर समोरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश मोजतो आणि जे दिसते ते मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतो. म्हणून ऑटोवर काळ्या वस्तू उजळ येतात आणि पांढऱ्या मळकट. हे दाखवण्यासाठी वर्गातील एका मुलीने काळी चंद्रकला पदरासारखी अंगावर घेतली आणि मग तिच्याच खांद्यावर पांढरे उपरणे टाकले. ऑटो मोडमध्ये दोन्ही वेळा तिचा चेहरा वेगळ्या रंगाचा आला, पहिल्या वेळी फिकट आणि दुसऱ्या वेळी काळवंडलेला. मग सरांनी हातातला मीटर तिच्या हनुवटीजवळ धरला, त्याचा पांढरा घुमट दिव्याच्या दिशेने केला, आणि तेथे पडणारा प्रकाश मोजला. या मोजणीत वस्तूचा स्वतःचा रंग येतच नाही. दोन्ही छायाचित्रांत चेहरा सारखा, तिचा होता तसाच सावळा आणि तेजस्वी आला, चंद्रकला काळी राहिली आणि उपरणे पांढरे. एका विद्यार्थ्याने विचारले की ग्राहक "जरा गोरे करा" म्हणाले तर काय करायचे. सरांनी त्याला समोर बसवले, प्रकाश बाजूने आणला आणि गालाच्या हाडावर एक मऊ चकाकी घेऊन दाखवली. सावळ्या त्वचेवर आकार उठतो तो या चकाकीने, एक्सपोजर, म्हणजे छायाचित्रातील एकूण उजेड, वाढवून नव्हे. वाढवले तर कातडीचा पोत धुऊन जातो आणि चेहरा खडूसारखा होतो. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमांत पिढ्यान्‌पिढ्या हेच झाले आहे, आणि एखादा शिक्षक प्राथमिक वर्गातच ते थांबवू पाहतो ही मला फार मोलाची गोष्ट वाटली.

सहाव्या रविवारी माझी नथ वर्गात आली. वर्गातील एका ताईंनी ती घातली. मी शिकल्याप्रमाणे दिवा त्यांच्या उजव्या बाजूला ठेवला आणि चेहरा सुरेख आला, पण नथ अंधारात गेली. नथ डाव्या नाकपुडीत असते आणि माझा दिवा नाकाच्या पलीकडे होता, हे सरांनी न सांगता मला स्वतःला शोधू दिले. दिवा डावीकडे आणला तर मोती उजळले, पण नथीची जाळीदार सावली वरच्या ओठावर पडली आणि ओठावर मिशी असल्यासारखी दिसू लागली. मग सॉफ्टबॉक्स इतका जवळ घेतला की त्या ताईंच्या गालाला त्याची ऊब लागत होती. सावलीचा काठ विरघळला. हनुवटीखाली थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला, आणि उरलेली सावली निम्म्याहून अधिक उचलली गेली. प्रत्येक मोत्यात आता गजांच्या रेघांऐवजी सॉफ्टबॉक्सचा एकच स्वच्छ, गोलसर ठिपका होता. या एका छायाचित्राला आम्हाला पन्नास मिनिटे लागली आणि सरांनी घाई केली नाही.

येथून पुढे मात्र तक्रारी सुरू होतात. माहितीपत्रकात वस्तूंच्या छायाचित्रणाला दोन सत्रे दिली होती. सातवा रविवार रद्द झाला, कारण गाळा एका व्यावसायिक चित्रीकरणाला भाड्याने दिला गेला होता. निरोप शनिवारी रात्री दहा वाजता आला. डोंबिवलीहून आणि पनवेलहून येणाऱ्यांनी आपले रविवार मोकळे ठेवलेले असतात, याचा विचार झाला नाही. रद्द झालेले सत्र नंतर आठव्या रविवारच्या शेवटी दीड तासात उरकले गेले, आणि ज्या विषयासाठी मी प्रामुख्याने आले होते तोच घाईत संपला. धातूची समई मांडली गेली, तिच्यात संपूर्ण गाळा आणि आम्ही तेरा जण प्रतिबिंबित झालेले दिसले, सर म्हणाले की "याला तंबू करावा लागतो", म्हणजे वस्तूभोवती पांढरा आडोसा, आणि वेळ संपली.

त्या दीड तासात जे राहिले ते मी पुढे घरी, चुकत-माकत शिकले, आणि प्राथमिक वर्गात ते असायला हवे होते असे माझे ठाम मत आहे. चकाकणाऱ्या वस्तूवर आपण प्रकाश टाकत नसतो. तिच्यात काय दिसावे ते ठरवत असतो. प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत फिरतो, म्हणून कॅमेऱ्याच्या जागेवरून समईच्या प्रत्येक वळणात खोलीचा कोणता भाग दिसतो ते आधी पाहायचे आणि तेथे पांढरा कागद उभा करायचा. सगळीकडे पांढरेच केले तर पितळ दुधात बुडवल्यासारखे दिसते. कडांजवळ काळ्या कार्डाच्या अरुंद पट्ट्या ठेवल्या की त्यांची प्रतिबिंबे समईची बाह्यरेषा आखून देतात. लेन्सवर लावायच्या पोलरायझर फिल्टरने चमक जाईल अशी वर्गातील अनेकांची समजूत होती. पाणी, काच, वार्निश यांवरची चमक योग्य कोनात त्याने कमी होते, पण धातूवर तो एकटा निरुपयोगी ठरतो. पैठणीचा प्रश्न आणखी वेगळा आहे : उभे आणि आडवे धागे वेगवेगळ्या रंगांचे असल्याने तिचा धूपछाव रंग कोनानुसार पालटतो, आणि समोरून मारलेल्या प्रकाशात दोहोंपैकी एकच रंग दिसतो. कापडाला हलकी घडी घालून प्रकाश बाजूने, खालच्या कोनात आणला की एका उतारावर एक रंग आणि दुसऱ्यावर दुसरा येतो. ठाण्यात राममारुती रोडपासून गोखले रोडपर्यंत साड्या, दागिने आणि तांब्या-पितळेची इतकी दुकाने आहेत की येथे भरणाऱ्या वर्गाने वस्तूंच्या छायाचित्रणाला पाहुण्यासारखे वागवू नये.

दुसरी तक्रार संख्येची आहे. फोनवर मला "जास्तीत जास्त आठ जण" असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात तुकडी तेरा जणांची होती आणि पूर्ण जोडण्यासारखे दिव्यांचे संच दोन. परिणामी साडेतीन तासांच्या सत्रात माझ्या हाती दिवा साधारण पंचवीस मिनिटे येत असे. शिवाय एका संचातील दिवा प्रत्येक वेळी सारख्या शक्तीने चमकत नसे. लागोपाठच्या पाच छायाचित्रांत दोन काळसर येत आणि नवख्या विद्यार्थ्याला ती आपलीच चूक वाटत असे. उपकरण जुने असल्यास हरकत नाही, पण ते बेभरवशाचे आहे हे शिकणाऱ्यांना सांगितले पाहिजे.

तिसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. पाचव्या रविवारी, आडव्या दांड्यावर लावलेला दिवा स्टँडसह कोसळला. पायावर वाळूची पिशवी नव्हती आणि वायर जमिनीवर मोकळी पसरलेली होती; कोणाचा तरी पाय त्यात अडकला. दिवा एका विद्यार्थिनीच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर पडला. कोणाला लागले नाही आणि सरांनी लगेच माफी मागितली, पुढच्या रविवारी पिशव्याही आल्या. परंतु प्रकाशाच्या कोणत्याही नियमाआधी, स्टँडचा एक पाय वजनाच्या दिशेला ठेवावा, पायावर वजन टाकावे, वायर टेपने जमिनीला चिकटवावी आणि बल्ब बदलण्यापूर्वी दिवा बंद करून थंड होऊ द्यावा, हे पहिल्या दिवसाच्या पहिल्या दहा मिनिटांत सांगितले जायला हवे होते.

लेखी टिपणे मिळाली नाहीत, याचा उल्लेख केवळ नोंदीपुरता करते. सर मराठीतून शिकवत, तांत्रिक शब्द आहेत तसे वापरत आणि अर्थ लगेच उलगडून सांगत. माझी स्वतःची वही त्यामुळे पुरेशी भरली.

वर्ग संपल्यावर सराव कोठे करायचा, हा प्रश्न सर्वांनाच पडतो. तासाने भाड्याने मिळणारे स्टुडिओ ठाण्यात आणि नवी मुंबईत आहेत, पण शिकण्याच्या काळात घड्याळाकडे पाहून काम करावे लागते. मी घरच्यासाठी ३०० वॉट-सेकंद शक्तीचा एक फ्लॅश, कॅमेऱ्यावरून तो चमकवणारा ट्रिगर, नव्वद सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स आणि एक घडीचा रिफ्लेक्टर घेतला. फोर्टातील बोरा बाजारात जाऊन, दोन दुकाने फिरून, सॉफ्टबॉक्स स्वतः उघडून-मिटून पाहून खरेदी केली. दिव्याला बोवेन्स पद्धतीचा माउंट (सॉफ्टबॉक्स वगैरे जोडण्याची खाच) असावा ही सरांची सूचना उपयोगी पडली, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे साहित्य त्यावर बसते. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी लक्षात आले की गाळ्यात मिळत होती तशी सावली येथे मिळत नाही. दहा बाय बाराच्या पांढऱ्या खोलीत प्रकाश भिंतींवरून आणि छतावरून परत फिरतो आणि सावलीत शिरतो. दिव्याच्या समोरच्या भिंतीवर दोरीने काळे कापड टांगले, आणि सावली परत आली. हे कारण मला स्वतःला शोधता आले, याचे श्रेय मडक्यासोबत काढलेल्या त्या तीन रविवारांना आहे.

कोणी विचारले तर मी काय सांगते तेही लिहिते. ज्यांच्याकडे मॅन्युअल मोड असलेला कोणताही कॅमेरा आहे, एक्सपोजरची तोंडओळख आहे आणि माणसांची छायाचित्रे काढायची आहेत, त्यांना हा वर्ग निश्चित उपयोगी पडेल. सर मनापासून शिकवतात, प्रत्येकाचे छायाचित्र संगणकाला जोडलेल्या मोठ्या पडद्यावर आणून बोलतात आणि चूक दाखवताना कोणाचा अपमान करत नाहीत. ज्यांना केवळ वस्तूंची छायाचित्रे काढायची आहेत त्यांनी या स्वरूपातील वर्गाला घाईने जाऊ नये. ज्यांनी कॅमेरा आजच घेतला आहे त्यांनी महिनाभर खिडकीच्या उजेडात काम करून मग यावे, कारण पहिल्या सत्रात ॲपर्चर म्हणजे काय हे समजावण्यासाठी सर थांबत नाहीत.

वस्तूंच्या छायाचित्रणासाठी चार रविवारांचा स्वतंत्र वर्ग दिवाळीनंतर सुरू होणार असल्याचे संस्थेने आम्हाला कळवले आहे. मी जाण्याचे ठरवले आहे. मात्र तुकडीत किती विद्यार्थी असतील, चालू स्थितीतील दिवे किती असतील आणि सत्र रद्द झाल्यास ते पूर्ण वेळेचे भरून दिले जाईल का, हे तीन प्रश्न मी लेखी विचारले आहेत, आणि उत्तर आल्यावरच शुल्क भरणार आहे.